कागदावरचे संरक्षण आणि कुंपणापलीकडचे गाव

भोपाळ वायुकांडातील नुकसानभरपाई वाढवून मिळावी यासाठी केंद्र सरकारने केलेली फेरदुरुस्ती याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. त्या निकालावर पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्यातील एका परिच्छेदाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९९१ साली याच न्यायालयाने सरकारला सांगितले होते, की वायूच्या संपर्कात आलेल्या, पण तूर्त लक्षणे न दिसणाऱ्या सुमारे एक लाख लोकांसाठी वैद्यकीय समूह विमा उतरवावा. पुढे ज्यांची प्रकृती ढासळेल त्यांना दारोदार फिरावे लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. बत्तीस वर्षांनंतर घटनापीठाला कळले, की असा विमा कधी उतरवलाच गेला नाही. ही केंद्राची घोर बेपर्वाई आहे आणि १९९१च्या आदेशाचा भंग आहे, अशा शब्दांत पीठाने त्याची नोंद केली.

औद्योगिक दुर्घटनांची चर्चा आपल्याकडे बहुधा गुन्हेगार कोण, पळाला कोण, कोणी कोणाला वाचवले या अंगाने होते. विमा हा त्या चर्चेतील नीरस विषय. वस्तुतः भोपाळनंतर देशाने जो धडा घेतल्याचे सांगितले जाते, त्याचा एक महत्त्वाचा भाग विम्याच्या रूपानेच कायद्यात उतरला आहे. हा भाग कारखानदारापर्यंत पोहोचवण्याचे काम संसदेने किंवा न्यायालयाने केलेले नाही. ते विमा प्रतिनिधीने करायचे असते. वापी, अंकलेश्वर, पिथमपूर, विशाखापट्टणम किंवा चेन्नईजवळच्या मनाली औद्योगिक पट्ट्यात दरवर्षी नूतनीकरणाच्या मोसमात फाइल घेऊन फिरणारा हा माणूस नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, यावर कुंपणापलीकडच्या वस्तीचे बरेच काही अवलंबून असते.

४ डिसेंबर १९८५ रोजी, भोपाळला वर्ष पूर्ण होते न होते तोच, दिल्लीतील श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. तीस हजारी न्यायालयात वकिली करणाऱ्या एका गृहस्थाचा त्यात मृत्यू झाला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर डिसेंबर १९८६ मध्ये निकाल देताना सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पीठाने निरपेक्ष दायित्वाचे तत्त्व मांडले. घातक उद्योग चालवणाऱ्याने कितीही काळजी घेतलेली असो, त्याच्या उद्योगामुळे इतरांना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी त्याचीच. इंग्लंडमधील जुन्या न्यायनिर्णयांनी मान्य केलेले अपवादसुद्धा, म्हणजे दैवी आपत्ती, त्रयस्थाचे कृत्य वगैरे, या पीठाने बाजूला सारले. जगाच्या न्यायशास्त्रात भारताने घातलेली ही भर होती, आणि तिचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

तत्त्व मोठे होते. पण मृताच्या घरी चूल पेटायची तर न्यायालयाच्या पायऱ्या झिजवण्याआधीच काही रक्कम हाती पडायला हवी. त्यासाठी १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम आला. अधिसूचित घातक पदार्थ ठरावीक प्रमाणाहून अधिक हाताळणाऱ्या प्रत्येक मालकाने काम सुरू करण्याआधीच विमा उतरवला पाहिजे, अशी सक्ती या कायद्याने केली. ‘हाताळणी’ या शब्दाचा अर्थ त्यात फार व्यापक आहे. उत्पादन, साठवण, वापर, वेष्टन, विल्हेवाट, इतकेच नव्हे तर वाहनातून केलेली वाहतूकही त्यात मोडते. दुर्घटना झाली, की जिल्हाधिकाऱ्याने स्वतः खातरजमा करून तिला प्रसिद्धी द्यायची आणि लोकांकडून अर्ज मागवायचे. अर्जदाराने कारखान्याचा दोष सिद्ध करण्याची गरज नाही. पाच वर्षांच्या आत अर्ज यावा, शक्यतो तीन महिन्यांत त्याचा निकाल लागावा आणि विमा कंपनीने तीस दिवसांत पैसे भरावेत, अशी रचना आहे. विम्याचा जेवढा हप्ता, तेवढीच आणखी रक्कम मालकाकडून पर्यावरण मदत निधीसाठी घेतली जाते. विम्याची मर्यादा संपली, की उरलेल्या मदतीचा भार प्रथम हा निधी उचलतो आणि त्यानंतर मालक. कारखान्याच्या स्वतःच्या कामगारांना मात्र हा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी भरपाईचा वेगळा कायदा आहे.

आराखडा म्हणून यात खोट काढणे कठीण आहे. खोट होती ती आकड्यांत. मृत्यूसाठी पंचवीस हजार रुपये, वैद्यकीय खर्चापोटी कमाल साडेबारा हजार, मालमत्तेच्या हानीसाठी कमाल सहा हजार. १९९१ साली ठरलेल्या या रकमा तीस वर्षांहून अधिक काळ तशाच राहिल्या. मधल्या काळात सोन्याचा भाव, घराची किंमत, रुग्णालयाचे बिल आणि खासदारांचे वेतन सगळेच वाढले. रासायनिक कारखान्याशेजारी मरणाऱ्याचा दर तेवढा वाढला नाही. २०२३च्या जनविश्वास कायद्याने विमा न उतरवणाऱ्या मालकासाठी असलेली कैदेची शिक्षा काढून तिच्या जागी आर्थिक दंड आणला. मदतीच्या रकमा काही लाखांच्या घरात नेणारी नियमदुरुस्ती त्यानंतर २०२४च्या अखेरीस झाली. आधी शिक्षा सौम्य झाली आणि मग मदत वाढली, हा क्रम आपल्या धोरणकर्त्यांना कोणाची हाक आधी ऐकू येते ते सांगून जातो.

हा विमा विकला कसा जातो, तेही पाहण्यासारखे आहे. आगीच्या विम्याच्या, यंत्रबिघाडाच्या आणि मालवाहतुकीच्या पॉलिसींच्या गठ्ठ्यात तो एक पातळसा कागद असतो. हप्ता तुलनेने किरकोळ. त्यामुळे प्रतिनिधीचे कमिशनही किरकोळ. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि कारखाना निरीक्षकाचा परवाना यांच्या बरोबरीने दाखवायचे एक प्रमाणपत्र, यापलीकडे मालक त्याकडे पाहत नाही. ‘प्रदूषणाचा विमा आहे ना?’ असे त्याने विचारले, की ‘आहे, साहेब’ असे उत्तर येते. सगळा घोळ या दोन शब्दांत आहे. हे उत्तर धडधडीत खोटे नाही. पण ते ऐकून मालक जे समजतो, ते खरे नसते.

ही पॉलिसी कायद्यातील मदतीची पॉलिसी आहे. कायद्याने लादलेल्या संपूर्ण दायित्वाची नव्हे. अधिनियमाच्या आठव्या कलमातच स्पष्ट म्हटले आहे, की ही मदत घेतल्याने पीडिताचा अधिक भरपाई मागण्याचा हक्क संपत नाही. मिळालेली रक्कम पुढच्या भरपाईतून वजा होते, एवढेच. म्हणजे विमा जिथे थांबतो तिथे निरपेक्ष दायित्व थांबत नाही, ते पुढे चालूच राहते.

विशाखापट्टणमची दुर्घटना या दृष्टीने आठवून पाहावी. ७ मे २०२० च्या पहाटे आर. आर. वेंकटपुरम या गावालगतच्या एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडली. स्टायरीन थंड ठेवावे लागते आणि त्यात निरोधक द्रव्य योग्य प्रमाणात मिसळलेले असावे लागते. तापमान वाढले, की ते स्वतःशीच अभिक्रिया करू लागते आणि अधिकच तापत जाते. टाळेबंदीमुळे कारखाना बंद होता, टाकी भरलेली होती. बारा माणसे गेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. त्या वेळच्या दरसूचीप्रमाणे बारा मृतांच्या कुटुंबांना मिळून होणारी विम्याची मदत तीन लाख रुपये. एका दुर्घटनेत विमा कंपनीने द्यावयाच्या एकूण रकमेची तेव्हाची कमाल मर्यादा पाच कोटी. राष्ट्रीय हरित लवादाने दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी, कंपनीला आरंभीची रक्कम म्हणून भरायला सांगितले पन्नास कोटी. आंध्र प्रदेश सरकारने प्रत्येक मृताच्या कुटुंबासाठी एक कोटी जाहीर केले ते वेगळेच. तीन लाख, पाच कोटी आणि पन्नास कोटी हे तिन्ही आकडे एकाच पहाटेचे आहेत. यांतले अंतर कोण भरून काढणार, हा प्रश्न प्रतिनिधीने आपल्या ग्राहकापुढे नूतनीकरणाच्या वेळी ठेवायला हवा. मोठी कंपनी पन्नास कोटी भरू शकते. त्याच पट्ट्यातला, तीन टाक्या आणि चाळीस कामगारांचा कारखाना असा आदेश आला, की दिवाळखोरीत जातो आणि पीडितांच्या हाती निकालाची प्रत उरते.

हे झाले एका पहाटेत घडलेल्या दुर्घटनेविषयी. भारतातील प्रदूषणाचा मोठा भाग असा घडत नाही. तो झिरपत येतो. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे रंगद्रव्यांसाठी लागणारे एच-अॅसिड तयार करणारे उद्योग आले. गाळ उघड्यावर टाकला गेला, पावसाने तो जमिनीत नेला आणि विहिरींचे पाणी गडद होऊन पिण्यायोग्य राहिले नाही. कोणतीही टाकी फुटली नाही, कोणताही भोंगा वाजला नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणकर्त्यानेच किंमत मोजावी, हे तत्त्व या प्रकरणात लागू केले. शुद्धीकरणाचा खर्च सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये ठरला. कंपन्यांनी अर्जांमागून अर्ज करून तो लांबवला, तेव्हा २०११ साली न्यायालयाने ती रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला. विम्याच्या भाषेत सांगायचे तर बिछडीचे नुकसान कोणत्या तारखेला झाले, हेच सांगता येत नाही. आणि तारीख सांगता येत नाही, तर ते कोणत्या वर्षीच्या पॉलिसीखाली येते हेही सांगता येत नाही. सक्तीच्या विम्याची सारी कल्पना दुर्घटनेवर उभी आहे. वर्षानुवर्षे मुरणारे विष तिच्या चौकटीत बसवणे कठीण जाते.

आता याला नवी धार आली आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती स्थानिक प्रशासनाने कळवायची, प्रदूषण मंडळाने ठरावीक मुदतीत तपासणी करायची, स्थळ दूषित ठरले तर जबाबदार व्यक्ती निश्चित करायची आणि शुद्धीकरणाचा खर्च तिच्याकडून वसूल करायचा. देशभरात अशी १०३ स्थळे ओळखली गेली आहेत आणि त्यांपैकी अवघ्या सात ठिकाणी काम सुरू झाले आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले. खुद्द भोपाळच्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी पिथमपूरला हलवायला २०२५ साल उजाडावे लागले. कारखान्याबाहेरच्या भूजलाचा प्रश्न तर त्या कचऱ्याबरोबर पिथमपूरला गेलेला नाहीच.

ज्या प्रतिनिधीचा ग्राहक जुन्या औद्योगिक भूखंडावर बसला आहे, त्याने हे नियम वाचलेले असणे आवश्यक आहे. आपल्याकडे भूखंड हातोहात विकले जातात. आज तिथे औषधांचे गोदाम असेल; वीस वर्षांपूर्वी तिथे कातडी कमावण्याचा किंवा विद्युतविलेपनाचा कारखाना असेल. नव्या मालकाने जमीन घेताना मातीची तपासणी केली होती का, आवारात बुजवलेला जुना खड्डा आहे का, सांडपाण्याची वाहिनी कोठून जाते, कुंपणापलीकडे विहिरी किती आणि त्यांचे पाणी कोण पिते, असे प्रश्न विचारायला प्रतिनिधी संकोचतो. कारण ते विमा विकणाऱ्याचे प्रश्न वाटत नाहीत, आणि ग्राहक चिडेल अशी भीती असते. परंतु विमा नियामकाच्या आचारसंहितेनुसार ग्राहकाविषयी विमा कंपनीने जाणून घ्यावी अशी प्रत्येक गोष्ट, प्रतिकूल असली तरी, तिच्या कानावर घालणे हे प्रतिनिधीचे कर्तव्यच आहे. आणि विमा हा परम विश्वासाचा करार आहे. माहिती दडवली गेली, तर दावा नाकारण्याचे पहिले कारण तेच ठरते. इथे प्रतिनिधी आणि ब्रोकर यांतला फरकही ग्राहकाला सांगितला पाहिजे. ब्रोकर ग्राहकाचा असतो. प्रतिनिधी विमा कंपनीचा. पुष्कळ लहान कारखानदारांना हे माहीतच नसते, आणि ज्याला ते वर्षानुवर्षे ‘आपला माणूस’ समजतात, तो कायद्याच्या दृष्टीने समोरच्या बाजूचा असतो.

बाजारात याहून अधिक संरक्षण मिळत नाही, असे नाही. औद्योगिक सार्वजनिक दायित्वाची ऐच्छिक पॉलिसी सक्तीच्या पॉलिसीपेक्षा मोठ्या मर्यादेची घेता येते. तिच्यात प्रदूषण सर्वसाधारणपणे वगळलेले असते; अचानक व अपघाताने झालेल्या प्रदूषणाचे कलम जादा हप्ता देऊन जोडावे लागते. त्यापुढची पायरी म्हणजे हळूहळू झालेले प्रदूषण आणि शुद्धीकरणाचा खर्च यांचाही विचार करणारी पर्यावरणहानी दायित्वाची पॉलिसी. आपल्याकडे ती मोजकेच उद्योग घेतात. या पॉलिसींचा एक बारकावा मात्र असा आहे, की तो समजावून न सांगणाऱ्या प्रतिनिधीने त्या विकूच नयेत. त्या बहुधा ‘दावा पॉलिसीच्या काळात दाखल झाला पाहिजे’ या तत्त्वावर चालतात आणि त्यांत एक पूर्वलक्षी तारीख घातलेली असते. त्या तारखेआधी सुरू झालेले प्रदूषण संरक्षणाबाहेर राहते. समजा, एखाद्याने दहा वर्षे एका कंपनीकडे पॉलिसी चालवली आणि अकराव्या वर्षी थोडा हप्ता वाचतो म्हणून दुसरीकडे नेली. नव्या कंपनीने पूर्वलक्षी तारीख आजची टाकली, तर दहा वर्षांचे संरक्षण एका सहीने गेले. आगीच्या विम्यात कंपनी बदलणे निरुपद्रवी असते, इथे नसते. हप्ता कमी करून देणाऱ्या प्रतिनिधीचे ग्राहक कौतुक करतो. त्याने काय गमावले, हे त्याला नोटीस आल्यावर कळते.

दुसरा बारकावा वगळलेल्या बाबींचा. वैधानिक तरतुदींचे जाणूनबुजून केलेले उल्लंघन आणि दंड यांना अशा पॉलिसींत संरक्षण नसते. मंडळाच्या संमतीची मुदत संपली असताना कारखाना चालू ठेवला, संमतीपत्रात लिहिले त्याहून अधिक उत्पादन घेतले, सांडपाणी प्रक्रियेचा संच वीज वाचवण्यासाठी रात्री बंद ठेवला, तर ऐन वेळी विमा कंपनी याच कलमावर बोट ठेवील. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रानुसार दररोजच्या हिशेबाने आकारली जाणारी पर्यावरणीय भरपाई तर उल्लंघनातूनच उद्भवते. विमा आहे म्हणून नियम पाळण्याची गरज उरली नाही, असा अर्थ कोणी काढत असेल, तर तो पॉलिसीने आधीच खोडून ठेवला आहे. टँकरबाबतही तसेच. वाहतुकीच्या वेळी दुर्घटना झाली, तर घातक पदार्थ ज्याच्या मालकीचा किंवा ज्याच्या नियंत्रणात, तो कायद्याच्या दृष्टीने ‘मालक’. माल पाठवणारा आणि टँकरवाला दोघेही समजतात, की विमा दुसऱ्याचा आहे.

सरकारी उद्योगांची गोष्ट थोडी निराळी आहे. सरकार व त्याच्या मालकीच्या महामंडळांना या कायद्यात स्वतंत्र निधी उभारण्याच्या अटीवर विम्यातून सूट देता येते. आसाममधील बागजान येथे ऑइल इंडियाच्या विहिरीत २७ मे २०२० रोजी स्फोटक गळती झाली, ९ जूनला आग लागली, ती नोव्हेंबरच्या मध्याला विझली. हरित लवादाने तिथेही पंचवीस कोटी आधी भरायला लावले. जनतेच्या पैशातून जनतेलाच भरपाई मिळते तेव्हा विमा असला काय नि नसला काय, असे म्हणता येईल. परंतु विमा कंपनी निदान जोखीम तपासायला वर्षातून एकदा माणूस पाठवू शकते, हा फायदा त्यात हरवतो.

लहान उद्योगांच्या संघटनांचा आक्षेप असा, की एवढे विमे घ्यायचे तर धंदा कोणी करायचा? आक्षेपात तथ्य आहे. जोखमीविषयी भरवशाची माहिती नाही म्हणून विमा कंपन्या चढा हप्ता सांगतात, हप्ता चढा म्हणून कोणी घेत नाही, आणि कोणी घेत नाही म्हणून माहिती जमत नाही. एकाच औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांनी सांडपाण्याची सामायिक प्रक्रिया केंद्रे चालवलेली आहेत; त्याच धर्तीवर सामायिक दायित्व विमा उतरवण्यात तांत्रिक अडचण दिसत नाही. शिवाय पर्यावरण मदत निधीत वर्षानुवर्षे शेकडो कोटी रुपये पडून राहिले, ते दुर्घटना कमी होत्या म्हणून नव्हे. अर्जच येत नव्हते म्हणून. जिल्हाधिकारी कार्यालयात या कायद्याखाली अर्ज करता येतो, हे पीडितांना ठाऊक नसते. आणि तो मागवण्याचे कर्तव्य ज्यांच्यावर आहे, त्यांनाही त्याची आठवण करून देणारे कोणी नसते. दुर्घटनेनंतर मुख्यमंत्री मदत जाहीर करतात, छायाचित्रे निघतात, आणि कायद्याने मिळायची ती हक्काची रक्कम बाजूलाच राहते.

घातक पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्याच्या दारावर आज एक फलक असतो. आवारात कोणते रसायन किती आहे, सांडपाणी किती, घातक कचरा किती, हे त्यावर लिहावे लागते; शेजारच्या गावातली शाळकरी मुलेसुद्धा तो येता-जाता वाचतात. त्या फलकावर आणखी दोन ओळींची जागा सहज निघू शकते. एका ओळीत विमा कंपनीचे नाव, पॉलिसीचा क्रमांक आणि मर्यादा. दुसऱ्या ओळीत, दुर्घटना झाल्यास अर्ज कोणाकडे करायचा. यासाठी नवा कायदा लागत नाही. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रतिनिधीने नुसते सुचवले, तरी काही मालक ते करतील. जे करणार नाहीत, त्यांच्या पॉलिसीची मर्यादा किती आहे, हे ग्रामपंचायतीने पत्र लिहून विचारावे.